रील बनवू की सोसायटीत क्लास घेऊ?

नागपुरातल्या मनीषनगरचा एक मित्र म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटर आहे, म्हणजे कमिशनवर फंड विकते, विचारत होता की लोकांचा विश्वास बसायला शिकवणाऱ्या रील टाकू की रविवारी सोसायट्यांमध्ये फुकट क्लास घेऊ.

त्याला म्हटलं, खर्चाचं म्हणशील तर रील मोबाईलवर होते, पण एडिटिंगचा वेळ कोणी धरतच नाही भाऊ. क्लासला हॉल, चहा अन् मे महिन्यात कूलर, नाहीतर कोण येते?

खरा फरक विश्वासात पडते. रीलमध्ये ९० सेकंदांत एसआयपी (ठरावीक रकमेची नियमित गुंतवणूक) समजते, पण एक्झिट लोड (लवकर पैसे काढले तर कापलं जाणारं शुल्क) काय असते, तुझ्यामार्फत घेतलेल्या रेग्युलर प्लॅनमध्ये तुझं कमिशन एक्स्पेन्स रेशोतूनच (फंड दरवर्षी कापते त्या खर्चातून) जाते अन् थेट फंड कंपनीकडून घेतलेल्या डायरेक्टमध्ये ते नसते, हे समोर बसून सांगितलं अन् पेन्शनवाल्या काकांनी उलटतपासणी घेतली की मगच माणूस घरचे कागद दाखवते. टिकाऊपणात रील पुढे, केवायसीचा व्हिडिओ नियम बदलेपर्यंत चालते. दोन्हीकडे एआरएन, म्हणजे तुझा डिस्ट्रिब्युटरचा नोंदणी नंबर, दाखव अन् पक्क्या रिटर्नचं नाव काढू नको, बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीला चालत नाही.

मिहानमधले आयटीवाले पोट्टे हवे असतील तर रील. रिटायरमेंटचा पैसा घेऊन बसलेले लोक हवे असतील तर क्लासच घे, फॉर्म मात्र त्या दिवशी नेऊ नको.