आभा खातं वापरून पाहिल्यावर: बाबांच्या रिपोर्टांचं काय झालं

बाबांना जुना मधुमेह आहे, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. राहतात साताऱ्यात. हृदयाचे डॉक्टर पुण्यात, शुगरचे साताऱ्यात, गुडघ्याचे तिसरेच. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही त्यांचं आभा खातं, म्हणजे सरकारचं डिजिटल आरोग्य खातं, वापरतोय, आणि घरात असा पेशंट असेल तर ते काढाच, असं मी अगदी मनापासून सांगेन.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण नातेवाइकांत मला तो जवळजवळ प्रत्येकाला समजावावा लागला. आभा म्हणजे पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड नव्हे. यातून पैसे मिळत नाहीत. हा १४ आकडी नंबर आहे. वेगवेगळ्या दवाखान्यांतले आणि लॅबमधले आपले रिपोर्ट त्याला जोडले जातात. केंद्र सरकारने २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू केलेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा हा भाग. रिपोर्ट सगळे एका सरकारी कपाटात जाऊन बसत नाहीत. ते ज्या त्या हॉस्पिटलकडेच राहतात आणि आपण परवानगी दिली तरच दुसरीकडे दिसतात.

खातं आधारवरून काही मिनिटांत निघतं, पण ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. बाबांचा तो नंबर कधीच बंद पडलेला. म्हणून आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घेतला. त्यानंतरचं खरं काम म्हणजे जुने रिपोर्ट जोडणं. एका हॉस्पिटलात बाबांचं वय दोन वर्षं कमी लिहिलेलं, नावातलं वडिलांचं नाव गायब. असं असलं की जुळणी होत नाही. काउंटरवरच्या मुलीने नोंद दुरुस्त केली तेव्हा कुठे रिपोर्ट दिसायला लागले. तुम्ही केसपेपर काढतानाच नाव, जन्मसाल आणि मोबाइल आधारप्रमाणे सांगा, पुढचा त्रास वाचेल.

फायदा खरा कळला तो गुडघ्याच्या डॉक्टरांकडे. दुखणं वाढलं म्हणून बाबा गेले होते. एरवी शुगरच्या डॉक्टरांची फाइल गुडघ्याच्या डॉक्टरांकडे कोण नेतं? या वेळी बाबांनी फोन पुढे केला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा, आधी १.१, मग १.३, शेवटच्या रिपोर्टात १.६. सुटा रिपोर्ट पाहिला तर 'थोडं वाढलंय' एवढंच वाटतं; तिन्ही एकाखाली एक पाहिले की किडनीवर ताण वाढतोय हे सरळ दिसतं. त्यात रक्त पातळ करायची गोळी चालू. नेहमीची पेनकिलर किडनीला वाईट आणि या गोळीसोबत रक्तस्रावाचा धोकाही वाढवणारी. डॉक्टरांनी ती दिलीच नाही. पॅरासिटामॉल आणि व्यायाम सांगितला, आणि शुगरच्या डॉक्टरांना लगेच दाखवायला लावलं. तिथे मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीचा डोस कमी झाला. दोन्ही डॉक्टर चांगलेच आहेत. पण समोर माहितीच नसेल तर चांगल्या डॉक्टरांनी तरी काय करावं?

डॉक्टरांच्या बाजूनेही फरक आहे. पुण्याच्या हॉस्पिटलने बाबांचे रिपोर्ट पाहायची परवानगी मागितली, तेव्हा फोनवर विनंती आली: कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या तारखांपासूनचे आणि कुठल्या प्रकारचे रिपोर्ट, परवानगी कधी संपणार. बाबा हे सगळं वाचतात आणि मगच होकार देतात. नको वाटलं तर नंतर काढूनही घेता येते. भेटीच्या वेळी 'कुठल्या गोळ्या चालू आहेत?', 'ती पांढरी, लहान' यात जाणारा वेळ वाचला आणि डॉक्टर बाबांशी नीट बोलले. महिन्याभरापूर्वीचीच रक्ततपासणी पुन्हा करायला लागली नाही, हेही आहेच. सरकारी दवाखान्यात ओपीडीसमोरचा क्यूआर कोड स्कॅन केला की नाव-पत्ता आपोआप जातो आणि टोकन मिळतं. आईला हीच सोय सगळ्यात आवडली, कारण केसपेपरच्या रांगेत तीच उभी राहायची.

आता उणिवा. सगळे दवाखाने जोडलेले नाहीत. अँजिओप्लास्टी जिथे झाली तिथलं डिस्चार्ज कार्ड मिळेना, शेवटी कागदाचा फोटो काढून आम्हीच चढवला. तो दिसतो, पण नुसतं चित्र म्हणून. त्यातली एखादी गोळी किंवा आकडा शोधता येत नाही. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे अजून कागदाचीच चिठ्ठी, आणि त्यांच्याकडे दिवसाला येणारी गर्दी पाहिली की दोष द्यावासाही वाटत नाही. एमआरआयचा लेखी रिपोर्ट आला, फिल्म मात्र हातात घेऊनच न्यावी लागली. आणि बाबांच्या वयाच्या माणसाला पहिले काही दिवस घरातल्या कुणीतरी शेजारी बसून शिकवावंच लागतं.

अचानक काही झालं आणि फोन लॉक असला तर याचा उपयोग नाही. म्हणून चालू गोळ्या, अँजिओप्लास्टीची तारीख आणि माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी बाबांच्या पाकिटात अजूनही आहे. डोस बदलला की ती नवीन लिहितो. जुने कागदही टाकून दिलेले नाहीत. आता आईचं खातं काढलंय. तिच्या थायरॉइडच्या लॅबमध्ये पुढच्या वेळी रक्त द्यायच्या आधीच आभा नंबर सांगणार आहोत, म्हणजे रिपोर्ट थेट जोडून येईल.