टेलि-मानस १४४१६: प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर गावातल्या माणसाला किती कामाची?

टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोन-हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत आहे, रात्री दोनलाही फोन करता येतो, आणि मानसोपचाराच्या खोलीबाहेर गावचा कोणी भेटेल ही धास्ती नाही. एवढ्यावरच ही सेवा वापरून पाहावी अशी आहे. पण प्रोस्टेट (मूत्राशयाखालची पुरुषांची ग्रंथी) काढलेल्या माणसाला ती अर्धीच पुरते. त्याचं मन जिथे अडकलेलं असतं ती जागा म्हणजे लघवी गळून ओला झालेला पायजमा, आणि त्याबद्दल फोनवर कोणी आपणहून विचारेलच असं नाही. ५ पैकी साडेतीन गुण.

केंद्र सरकारने ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली. वरची देखरेख बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेकडे आहे. १४४१६ लागला नाही तर १८०० ८९१ ४४१६ लावायचा. भाषा निवडली की समुपदेशक बोलतो; गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवतो. साधा बटनांचा फोन चालतो. घरात एकच मोबाइल असेल तर तो घेऊन वावरात जावं, स्पीकर बंद ठेवावा. सून आणि नातवंडं आजूबाजूला असताना हा विषय तोंडातून निघत नाही, हे विदर्भात वेगळं सांगायला नको.

सगळा खेळ पहिल्या वाक्याचा आहे. आपल्याकडची वडीलधारी माणसं फोनवर काय सांगतात? ‘झोप लागत नाही’, ‘करमत नाही’, फार तर ‘आता कायच्याच कामाचा नाही राहिलो’. समुपदेशक त्या धाग्याने जातो: चहा कमी करा, फिरायला जा, मित्रांशी बोला. सल्ला चुकीचा नाही, पण जो माणूस पारावर बसायला भितो, कारण उठताना लघवी सुटते, त्याला ‘मित्रांशी बोला’ सांगून उपयोग काय? म्हणून सुरुवातच अशी करावी: ‘प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, लघवीची नळी काढून दोन महिने झाले, लघवी गळते, ताठरता येत नाही, म्हणून मी घराबाहेर पडत नाही.’ लाज वाटत असेल तर हे कागदावर लिहून वाचावं. पुरुष समुपदेशक मिळेल का, असं विचारायलाही हरकत नाही.

फोन करताना डिस्चार्ज कार्ड जवळ हवं. गावात दोन अगदी वेगळ्या गोष्टींना ‘प्रोस्टेटचं ऑपरेशन’ म्हणतात. कॅन्सर नसताना वाढलेली ग्रंथी दुर्बिणीने आतून खरवडतात ते टीयूआरपी. त्यात ग्रंथीचं बाहेरचं कवच राहतं आणि लघवी कायम गळत राहणं क्वचितच होतं. कॅन्सरसाठी अख्खी ग्रंथी आणि वीर्यकोश काढतात ते रॅडिकल प्रोस्टेटेक्टमी. ‘शेजारचा तर महिन्यात बरा झाला’ ही तुलना इथूनच सुरू होते आणि माणसाला आतून खाते. शेजाऱ्याचं ऑपरेशन बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचं असतं.

गुण कापले ते चाचणीच्या प्रश्नांमुळेही. उदासीनता मोजायला बऱ्याच ठिकाणी नऊ प्रश्नांची एक यादी वापरतात, गेल्या दोन आठवड्यांबद्दल: झोप, थकवा, भूक, लक्ष न लागणं वगैरे. ऑपरेशननंतर रात्री चारदा उठावं लागतं, थकवा तर असतोच. त्यामुळे उदास नसलेल्याचेही गुण चढतात, आणि उलटही होतं: ‘ते तर ऑपरेशनमुळे’ म्हणून खरी उदासीनता सुटून जाते. अशा पेशंटमध्ये वजन द्यावं ते दुसऱ्या खुणांना. आवडीच्या गोष्टीतली गोडी गेली का? स्वतःबद्दल ‘ओझं झालो’ असं बोलतो का? पोळ्याला बैलांजवळ गेला नाही, कापसाचा भाव विचारणं सोडलं, खर्रा किंवा दारू वाढली, बारीकसारीक गोष्टीवर खेकसतो? पुरुषांमध्ये उदासीनता बऱ्याचदा रडण्यापेक्षा चिडण्यातून दिसते. समुपदेशकाला हेच सांगायचं.

आता उरलेली अर्धी बाजू. ती फोनवर मिळत नाही आणि मनावरचा बराचसा भार मात्र तिथूनच येतो.

प्रोस्टेटसोबत लघवी अडवणारी आतली झडप कमजोर होते, सगळा जोर बाहेरच्या स्नायूवर येतो. नळी साधारण एक ते दोन आठवड्यांनी निघते आणि त्यानंतर जवळपास प्रत्येकाची लघवी थोडीफार गळतेच. बहुतेकांची सुधारणा तीन महिने ते एक वर्ष यात होते. डॉक्टर हे सांगतात, पण डिस्चार्जच्या गडबडीत ते कानावरून जातं, आणि दुसऱ्या महिन्यात माणूस ‘ऑपरेशन बिघडलं’ असं धरून बसतो.

गळती कमी करायचा व्यायाम असा: गॅस अडवताना आणि लघवीची धार मध्येच थांबवताना जो स्नायू आवळतो, तो ओळखायचा. धार थांबवून पाहणं फक्त ओळखण्यापुरतं, रोज नाही. नाहीतर लघवी पूर्ण न होता मागे राहते. मग पाच सेकंद आवळा, दहा सेकंद सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू पाचाचे दहा सेकंद करा. नळी असताना करायचा नाही. बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी: श्वास रोखतात, पोट दाबतात, ढुंगण आवळतात. पोट दाबलं की लघवी उलट बाहेर ढकलली जाते, मग ‘व्यायामाने वाढलं’ म्हणून सोडून देतात. पोटावर हात ठेवून करा, हात हलला तर चुकतंय. खोकण्याआधी, खुर्चीतून उठण्याआधी, कट्टा (पोतं) उचलण्याआधी एकदा आवळायची सवय लावा. कट्टा मात्र सुरुवातीचे सहा आठवडे उचलायचाच नाही, पेरणीची घाई असली तरी.

तालुक्याच्या मेडिकलमध्ये बहुधा मोठ्यांचे डायपरच मिळतात. पॅन्टसारखा एक साधारण तीस ते पन्नास रुपयांना पडतो; दिवसाला तीन धरले तर महिन्याचा खर्च अडीच हजारांच्या वर जातो. मग काटकसर म्हणून एकच डायपर दिवसभर, आणि एप्रिल-मेच्या उन्हात जांघेत चट्टे. गळती थोडी असेल तर पुरुषांसाठीचे छोटे पॅड घट्ट चड्डीत लावावेत. मेडिकलवाल्याला सांगून मागवता येतात. बायकांचे पॅड चालवू नयेत: ते हळू येणाऱ्या स्रावासाठी केलेले असतात, लघवी एकदम येते आणि बाजूने वाहते. पॅड कोरडा आणि ओला वजन करून फरक वहीत लिहिला तर एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. किराण्याचा डिजिटल काटा पुरतो. आकडा खाली येताना दिसला की माणसाला जो धीर येतो, तो उपदेशाने येत नाही. पाणी तोडू नका. दाट लघवीने मूत्राशय जास्त चिडतं. संध्याकाळचा चहा तेवढा तोडा.

ताठरतेच्या नसा प्रोस्टेटला चिकटून जातात. त्या वाचवल्या तरी सावरायला दीड-दोन वर्षं लागू शकतात, आणि वाचवता आल्या नसतील तर डॉक्टरांना सरळ विचारलेलं बरं. वीर्य आता कधीच येणार नाही. सुखाची जाणीव मात्र राहते. हे बायकोलाही माहीत हवं, नाहीतर ती त्याचं दूर राहणं वेगळ्याच अर्थाने घेते. स्वतःच्या मनाने ‘ताकदीच्या गोळ्या’ घेऊ नयेत. छातीदुखीसाठी सॉर्बिट्रेट चालू असेल आणि त्यावर सिल्डेनाफिल (अशा गोळ्यांमधलं औषध) घेतलं, तर रक्तदाब जीवघेणा खाली जातो.

कॅन्सर रोखायला हार्मोनचं इंजेक्शन चालू असेल किंवा अंडकोष काढले असतील, तर उदासी, अंगातून वाफा येणं आणि गळून जाणं हे त्या उपचाराचंही काम असू शकतं. तेही समुपदेशकाला सांगायचं. पीएसएच्या (कॅन्सर परत आला का ते पाहायच्या रक्ताच्या) तपासणीआधीचा आठवडा तर बहुतेकांना जड जातोच. पूर्ण ग्रंथी काढल्यावर सहा ते आठ आठवड्यांत आकडा ०.१ च्या खाली अपेक्षित असतो. ‘चारपर्यंत नॉर्मल’ छापलेल्या रिपोर्टशी तो ताडून पाहू नये, सर्जनलाच दाखवावा.

फोनवर भागलं नाही तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ग्रामीण रुग्णालयातही ठरलेल्या दिवशी येतं. दिवस आशाताईंना विचारावा. उदासीनतेच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मध्येच बंद करू नयेत. काही गोळ्यांनी ताठरता आणखी कमी होते, म्हणून ऑपरेशनची गोष्ट तिथेही आधी सांगायची, मग डॉक्टर वेगळी निवडतात. जायला एसटी बरी: ७५ वर्षांवरच्यांना मोफत, ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं तिकीट. एक जास्तीचा पॅड आणि काळी पिशवी सोबत ठेवावी.

‘मेलेलं बरं’ असं तोंडातून निघालं तर वाट पाहू नये. त्याच वेळी १४४१६, आणि जिवाला धोका वाटला तर ११२ किंवा १०८. माणसाला एकटं सोडू नये. फवारणीची औषधं घरातून काढून दुसऱ्याकडे कुलपात ठेवावीत, आणि हे काम मुलाने त्याच दिवशी करावं. पेशंट स्वतः बोलत नसेल तर बायकोने किंवा मुलाने फोन लावला तरी चालतो.