शाळेच्या गॅदरिंगसाठी ८५ एमएम एफ १.८: अख्ख्या हंगामाच्या वापरानंतर

गुरुपौर्णिमेच्या सुमारास घेतलेली कॅनन ईएफ ८५ एमएम एफ १.८ यूएसएम ही लेन्स आता गॅदरिंगचा हंगाम उरकेपर्यंत वापरून झाली आहे. कॅमेरा कॅनन २००डी, म्हणजे क्रॉप सेन्सर, फुल-फ्रेमपेक्षा लहान. त्यावर ही लेन्स फुल-फ्रेमवरच्या १३६ एमएमइतका अरुंद कोन देते. शाळेत शिकवता शिकवता कार्यक्रमांचे फोटो काढणं माझ्याकडे आलं आणि ते काम मला मनापासून आवडतं. कोळीनृत्यात मागच्या ओळीत नाचणाऱ्या पोराचाही एक तरी चांगला फोटो त्याच्या घरी जायला हवा. लेन्सचा विचार मी तिथूनच करते.

मांडवात डोळ्यांना लख्ख वाटतं, पण कॅमेऱ्याला तो उजेड फार अपुरा असतो. ५५-२५० एमएमची झूम पूर्ण लांबवली की अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं तोंड; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ६४०० ठेवूनही शटर १/६० सेकंदाच्या आसपासच मिळतं. तेवढ्या शटरवर उभं राहून पोवाडा म्हणणारा मुलगा स्पष्ट येतो, लेझीम येत नाही. तेच ८५ वर एफ २ ला तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), म्हणजे आठपट उजेड आत येतो: आयएसओ निम्मा करून ३२०० आणि वर शटर १/२५०. झूममधलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर सांभाळतं, मुलांचे पाय नाही. अंधाऱ्या कार्यक्रमासाठी लेन्स घेताना सगळ्यात आधी हे लक्षात घ्यावं. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचं तर नावच नको. मधल्या रांगांतून तो स्टेजवर नीट पोचत नाही, आणि जवळून मारला तर रंगीत उजेडाचा सगळा जीव जातो आणि पहिलीची पोरं डोळे मिटतात.

आठ मीटरवरून या लेन्समध्ये साधारण २.१ मीटर रुंदीचा तुकडा मावतो, म्हणजे तीन-चार मुलं. कॅमेरा उभा धरला तर एक मूल फेट्यापासून पायापर्यंत. पूर्ण स्टेज हवं असेल तर कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स लावून शेवटच्या स्थिर पोझची वाट पाहते. तेवढ्याच अंतरावर एफ १.८ ला शार्प भागाची खोली जेमतेम ६० सेंटीमीटर असते, एफ २.८ ला ९० च्या थोडी वर. म्हणून एकट्या कलाकाराला एफ २ आणि दोन ओळींच्या नाचाला एफ २.८, हे माझं ठरून गेलं आहे. मागून दिवा आणि समोर नऊवारीचा जरीकाठ असला की पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर जांभळी कड दिसते. एफ २.८ ला ती बरीच कमी होते. उरलेली संगणकावर काढता येते.

फोकस झटकन आणि आवाज न करता होतो, पसायदानाच्या वेळी हे फार बरं वाटतं. स्टेजवर धूर सोडला की ऑटोफोकस चाचपडतो. तेव्हा बटण न बदलता थेट रिंग फिरवून फोकस धरता येतो, ही सोय मी सतत वापरते. लेझीमला शटर १/३२० ठेवते. ठेक्यावर खाली वाकून हात उघडतात, तिथे क्षणभर सगळी रांग थबकते. तोच क्षण धरायचा, आणि त्यासाठी ताल तोंडपाठ हवा.

खरी डोकेदुखी एलईडी पार लाइटची, म्हणजे स्टेजवरच्या रंगीत झोताच्या दिव्यांची. शुद्ध लाल किंवा निळा उजेड पडला की चेहऱ्याचा सपाट डाग होतो, नाक-गाल काही उरत नाही. महागडी लेन्स आणली तरी हे सुटत नाही. मी रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढते आणि लाल उजेडात एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप कमी ठेवते. त्याहून उपयोगी पडतं ते रंगीत तालमीला जाऊन लाइटवाल्या दादांशी बोलणं. ‘रंग पाहिजे तेवढे मागून टाका, पण समोरून एक पिवळसर दिवा कायम राहू द्या,’ एवढं सांगितलं तरी पुष्कळ फरक पडतो. वर्गातल्या जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटचं गणित वेगळं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्या सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/२५० वर एक फ्रेम उजळ, तर दुसरी पिवळट येते. १/१०० वर सगळ्या सारख्या येतात.

भोंडल्याला मात्र ८५ अडते. पाटावरच्या हत्तीभोवतीचा फेर वर्गात हिच्यात मावणं शक्यच नाही. तिथे २४ एमएम एफ २.८ लागते. पण खिरापत ओळखायची वेळ आली की पुन्हा हीच लावते. ०.८५ मीटरपर्यंत जवळ जाता येतं, आणि डबा हलवून आवाज ऐकणाऱ्या मुलींचे चेहरे कोपऱ्यातून, त्यांना न बुजवता मिळतात.

वजन ४२५ ग्रॅम. तीन तासांच्या कार्यक्रमात मान दुखत नाही. हूड वेगळा विकत घ्यावा लागतो आणि तो घ्याच, बाजूचे हॅलोजन थेट काचेवर येतात. ही लेन्स १९९२ सालची, त्यामुळे वापरलेल्याही मिळतात. घेताना ऑटोफोकस दुकानातच तपासावा. पहिल्या रांगेत बसायला मिळणाऱ्या पालकांनी आधी ५० एमएम एफ १.८ एसटीएम घ्यावी, तिथून ती पुरते. मधल्या रांगांत किंवा बाजूच्या वाटेत उभं राहावं लागत असेल तर ८५. कॅननचा मिररलेस (आत आरसा नसलेला) आर मालिकेतला कॅमेरा असेल तर ईएफ-ईओएस आर अडॅप्टरवर हीच लेन्स ऑटोफोकससह चालते.