सुट्टीतली घरची कँडी: स्लो कुकर, मायक्रोवेव्ह की गॅस?

सुट्ट्या जवळ आल्या की यंदा घरीच कँडी करून डबे भरून वाटू असं ठरतं, आणि मग गाडी अडते ती एकाच प्रश्नावर, स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) बाहेर काढायचा, का मायक्रोवेव्हमध्ये पटकन उरकायचं, का सरळ गॅससमोर उभं राहायचं. व्हिडिओत तिन्ही सारखेच सोपे दिसतात त्यामुळे तिथून काही कळत नाही. माझं मत आधीच सांगते, भांडं शेवटी निवडा, आधी कँडी कुठली आणि किती ते ठरवा, बाकी उत्तर त्यातूनच येतं.

कारण स्लो कुकरचं गणित अगदी साधं आहे. सेटिंग लो असो की हाय, बराच वेळ ठेवला तर दोन्ही शेवटी उकळीच्या जवळपासच पोचतात, फरक फक्त किती वेळात पोचतात एवढाच. म्हणजे वितळवणं आणि गरम ठेवणं ही त्याची कामं. पाक काढणं हे त्याचं काम नाही. दाण्यांची चिक्कीसारखी कडक कँडी हवी असेल तर पाक १५० डिग्रीच्या आसपास न्यावा लागतो, मऊ कॅरॅमलला ११८-१२०, आणि साखर-दुधाच्या जुन्या पद्धतीच्या फजला (मऊ वडीसारखा प्रकार) ११२ ते ११६, आपण ज्याला गोळीबंद पाक म्हणतो तो. यातलं एकही तापमान स्लो कुकर गाठत नाही, शिवाय झाकणामुळे पाणी उडून जायचं ते परत आतच पडतं, मग पाक घट्ट होणार कसा? तेव्हा अशा कँडीसाठी जाड बुडाचं पातेलं, थर्मामीटर आणि गॅस, विषय संपला. कडक कँडी मायक्रोवेव्हमध्येही होते, पण उकळत्या पाकाचं काचेचं बाउल बाहेर काढताना जाम सांभाळावं लागतं, लहान मुलं आजूबाजूला असतील तर मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

आता उरली चॉकलेटची कँडी. खरी तुलना इथेच आहे.

सगळ्यात लोकप्रिय प्रकार म्हणजे दाण्यांचे क्लस्टर, भाजलेले शेंगदाणे किंवा बदाम चॉकलेटमध्ये घोळवून चमच्याने बटर पेपरवर टाकायचे, झालं. स्लो कुकरात हे करताना दाणे खाली आणि चॉकलेटचे तुकडे वर असा थर लावतात, म्हणजे तळाची धग चॉकलेटला थेट लागत नाही. लो वर ठेवायचं, पहिला तासभर हात लावायचा नाही, मग दर १५-२० मिनिटांनी कडा खरवडून ढवळायचं, दीड-दोन तासात तयार. ८०० ग्रॅम दाणे आणि तेवढंच किंवा थोडं जास्त चॉकलेट घेतलं तर मोठ्या चमच्याने साठ-सत्तर नग सहज पडतात. आणि खरा फायदा पुढे आहे, सिरॅमिकचं भांडं उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे कुकर बंद केला तरी शेवटचा चमचा टाकेपर्यंत मिश्रण घट्ट होत नाही. मायक्रोवेव्हमध्ये वितळवलं की अर्धे टाकून होईपर्यंत उरलेलं आळायला लागतं, परत गरम करा, परत टाका, आणि एवढं सगळं एका बाउलमध्ये मावतही नाही. मोठ्या घाण्याला स्लो कुकर निर्विवाद सरस.

पण थोडंसंच करायचं असेल, म्हणजे २००-३०० ग्रॅम, तर मात्र उलट. पाच-सहा लिटरच्या कुकरात मूठभर चॉकलेट टाकलं की ते तळाशी पातळ पसरतं आणि कडेला करपतं. करपलेलं चॉकलेट परत सुधारत नाही, त्याचा वास सगळ्याला लागतो. तिथे मायक्रोवेव्हच. अर्ध्या पॉवरवर ३०-३० सेकंद, दर वेळी बाहेर काढून ढवळायचं. एक लक्षात ठेवा, मायक्रोवेव्हमध्ये चॉकलेट वितळलं तरी तुकड्याचा आकार तसाच दिसतो, लोक फसतात, अजून ठेवतात आणि मधोमध जळतं. थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबायचं, बाकीचं ढवळताना वितळतं. व्हाइट चॉकलेट तर सगळ्यात आधी जळतं, त्याच्याबाबत जास्तच घाबरून राहा.

पाण्याचा मुद्दा वेगळा सांगायला हवा, कारण निम्म्या तक्रारी याच्याच असतात. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन-चार थेंब पडले की त्यातली साखर ओली होऊन एकमेकांना चिकटते आणि सगळं आकसून दाणेदार गोळा होतो. स्लो कुकरचं काचेचं झाकण म्हणजे थेंबांचा कारखानाच. म्हणून झाकणाखाली स्वच्छ जाड टॉवेल ताणून लावतात, टोकं वर झाकणावर घ्यायची, खाली लोंबती सोडायची नाहीत. डबल बॉयलरमध्ये, म्हणजे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर बाउल ठेवून वितळवताना, कडेने वाफ येते, तिथेही तोच धोका. मायक्रोवेव्ह या बाबतीत सगळ्यात सुरक्षित. पातळ इसेन्स घातला तरी हाच घोळ होऊ शकतो, तेव्हा तेलातला फ्लेवर घ्या. आणि एकदा गोळा झालाच तर गरम दूध चमचा-चमचा घालून त्याचा सॉस होतो, कँडी होत नाही, तो आइस्क्रीमवर ओतून संपवा.

बरं, चॉकलेट कुठलं घ्यायचं? लोक यावर फार विचार करत नाहीत आणि माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. कंपाउंड चॉकलेट, ज्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती फॅट असतं, ते स्लो कुकरसाठी बनवल्यासारखं आहे, थोडं जास्त तापलं तरी थंड झाल्यावर कडक आणि बऱ्यापैकी चकचकीत बसतं. खऱ्या चॉकलेटचं तसं नाही. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारे गोठतं, त्यातल्या एकाच प्रकारात ती चमक आणि तो कट्कन तुटणारा आवाज मिळतो. डार्क असेल तर ४५-५० डिग्रीला वितळवा, २७-२८ ला आणा, परत ३१-३२ ला न्या, मिल्क असेल तर दोनएक डिग्री कमी, एवढा उपद्व्याप. स्लो कुकर इतकं नाजूक काम करूच शकत नाही, तिथून खरं चॉकलेट निघालं की दोन दिवसांनी वर पांढरट पट्टे येतात. खायला काही हरकत नाही, चवही बिघडत नाही, पण भेट म्हणून द्यायला बरं दिसत नाही.

म्हणून भेटीच्या डब्यात महागडं डार्क चॉकलेट जाणार असेल तर डबल बॉयलर, दोन तृतीयांश वितळवायचं, खाली उतरवून उरलेलं बारीक चिरून त्यात घालायचं आणि थर्मामीटर ३१-३२ दाखवेपर्यंत ढवळत बसायचं. वेळखाऊ आहे, हात दुखतो. निम्मं कंपाउंड आणि निम्मं खरं असा मधला मार्ग मात्र नको, दोन्हीतली फॅट एकमेकांशी जमत नाहीत, कँडी मऊ राहते आणि पांढरट पट्टे येतात.

कंडेन्स्ड मिल्कचं फज तिन्हीकडे होतं. एक ४०० ग्रॅमचा डबा आणि ५०० ग्रॅम डार्क चॉकलेट, मायक्रोवेव्हमध्ये तीन-चार मिनिटांचं काम आहे, एका डब्यासाठी स्लो कुकर लावून तासभर वाट बघणं मला पटत नाही. तीन-चार डब्यांचं करत असाल तर लावा.

दालचिनी-साखरेचा लेप दिलेले दाणे स्लो कुकरात करायची फॅशन आहे. होतात, पण झाकण पूर्ण लावलं तर वाफेने मऊ पडतात, आणि शेवटी ट्रेवर पसरून वाळवावे लागतात ते लागतातच. ओव्हन असेल तर ओव्हनमध्येच करा, कुरकुरीतपणात स्लो कुकर मागेच पडतो.

एका कामात मात्र स्लो कुकरला तोड नाही, कंडेन्स्ड मिल्कचं कॅरॅमल. काचेच्या बरण्यांमध्ये दूध ओतून झाकणं लावायची, बरण्या बुडून वर इंचभर राहील एवढं पाणी, लो वर आठ तास, रात्री लावा सकाळी काढा. कोमट पाण्याने सुरुवात करा आणि बरण्या कुकरातच थंड होऊ द्या नाहीतर काच तडकते. पत्र्याचा बंद डबा तसाच ठेवायचा सल्ला बरेच जण देतात, तो नका ऐकू, पाणी कमी झालं तर डबा फुटू शकतो. तयार झालेलं कॅरॅमल फ्रिजमध्येच ठेवायचं, हे काही टिकाऊ पॅकिंग नाही.

इलेक्ट्रिक प्रेशर कुकरचा स्लो कुक मोड चालेल का, तर चॉकलेटसाठी मी टाळेन. खऱ्या स्लो कुकरात बरीचशी धग भांड्याच्या बाजूंनी येते, यात ती सगळी स्टीलच्या तळातून येते, दाण्यांचा थर असला तरी खाली चिकटतं. फारच वाटलं तर त्याच्या सॉते (परतण्याच्या) मोडवर पाणी गरम करून वर बाउल ठेवा, चांगलं डबल बॉयलर होतं.

आणि फक्त कँडीसाठी नवा स्लो कुकर घ्यावा का, तर नको. बाकी स्वयंपाकात वापरणार असाल किंवा दर वर्षी दहा-पंधरा घरी डबे जाणार असतील तर जरूर घ्या, नाहीतर कोणाकडून दोन दिवसांसाठी मागून आणा, फक्त त्यात आधी मसालेदार काही शिजलं असेल तर झाकणाची रबरी कड हुंगून बघा, तो वास चॉकलेटला लगेच लागतो.