गिरणगावातली महिनेवारी खानावळ

परळमध्ये, बंद कापडगिरणीच्या दगडी भिंतीला लागून असलेल्या चाळीच्या तळमजल्यावर एक मालवणी खानावळ अजून टिकून आहे आणि गेले वर्षभर मी तिथे आठवड्यातून दोनदा तरी जेवतो. बांगड्याचे तिखले हे इथले खरे बलस्थान आहे. तिरफळाचा वास ताट समोर येण्याआधीच पोहोचतो आणि तांदळाची भाकरी तव्यावरून थेट ताटात पडते. सोलकढी मात्र दुपारी दोननंतर पातळ होते, हे खानावळ चालवणाऱ्या काकींना मी सांगितले आहे.

नव्या गिऱ्हाइकाला काकी आधी विचारतात, "महिन्याचं की रोखीचं?" हा प्रश्न गिरण्यांच्या काळातला. एकदा त्यांनी सासूबाईंची वही दाखवली. १९८२ सालच्या पानांवर नावांपुढे फक्त "बाकी" लिहिलेले होते आणि पावसाळ्यानंतरची पाने कोरी होती, कारण जेवणारे गावी निघून गेले होते. १८ जानेवारीला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी पुकारलेला तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही.

पुढे १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा (घरे बांधणारी सरकारी संस्था) आणि मालक असे तीन वाटे ठरवले, पण २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती ग्राह्य धरली. माझ्या मते इथला संघर्ष गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले म्हणून चिघळला नाही. ज्यांच्या घामावर ती जमीन मोलाची झाली, त्यांच्या घरांचा वाटाच आक्रसला, म्हणून तो चिघळला.

आज त्याच बाकावर मनोऱ्यांतले संगणकवाले तरुण आणि त्याच मनोऱ्यांचे पहारेकरी शेजारी बसून जेवतात. पहारेकऱ्यांपैकी काहींचे वडील याच भिंतीपलीकडे साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत होते. काकी दोघांनाही भात सारखाच वाढतात, परंतु महिनेवारीचा दर पहारेकऱ्यांसाठी त्यांनी दोन वर्षे वाढवलेला नाही, आणि मला हा निर्णय मनापासून पटतो.

ताट १८० रुपयांना मिळते. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी मासे असतात. इतर दिवशी काळ्या वाटाण्याची उसळ असते, आणि तीही चुकवू नये.