कॅनव्हास की पीव्हीसी?

पिकअपवरच्या पॉप-अप कॅम्परचं, म्हणजे गाडीच्या पाठीवरच्या झोपायच्या खोलीचं, छत वर उचललं की चारी बाजूंना भिंत म्हणून कापडच उरतं. ते कोणतं असावं हे पाहायला शनिवार-रविवार रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळणेश्वरला गेलो. समुद्राकडच्या बाजूला नवी सुती कॅनव्हासची कनात लावली, दुसरीकडे जुनं पीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकचा थर दिलेलं कापड, तसंच ठेवलं.

फरक पहाटे हाताला कळला. पीव्हीसीला आतून घाम फुटला होता. बोट फिरवलं तर ओघळ थेट उशीवर. श्वासातल्या वाफेला बाहेर जायला वाटच नाही. कॅनव्हास दमट लागत होता, पण थेंब एकही नव्हता. झोपही त्याच बाजूला लागली.

पावसात गोष्ट वेगळी. सुती धागा भिजून फुगतो, विणीतली भोकं बुजतात, म्हणून पाणी बरंचसं अडतं. पण ओली कनात तशीच घडी घालून छत खाली केलं, की काही दिवसांत बुरशीचे काळे ठिपके. पीव्हीसी फडक्यानं पुसलं की झालं. रत्नागिरीकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे ही सोय मोठीच.

तरी मी कॅनव्हासच ठेवणार. पावसाळ्यात गाडी घाटाखाली उतरवायचीच नाही. चेन मात्र दोन्हींना प्लॅस्टिकची घ्या, खाऱ्या हवेत धातूची अडकते.