जंबियाची मूठ बसवून घ्यायची असेल तर: कोल्हापुरातल्या एका दुकानाचे काम

आखाती देशांतून परतणारी मंडळी ओमानी खंजीर घेऊन येतात, आणि दख्खनच्या फौजांत अरब शिबंदी असल्याने जुन्या वाड्यांतही एखादा जंबिया, म्हणजे अरबी घाटाचा वाकडा खंजीर, निघतो. पाते सहसा शाबूत असते, खिळखिळी होते ती मूठ. गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या परिसरात अशा मुठी नव्याने करून बसवणारे एक छोटे दुकान आहे. तिथल्या दोन मुठी, एक ओमानी आणि एक येमेनी घाटाची, तपासून हे मत. चांदीकाम पाचपैकी पाच, शिंगकाम साडेतीन, लाख भरणे अडीच. आणि मूठ टिकते ती लाखेवर.

दुकानात म्हशीचे शिंग वापरतात आणि तसे सरळ सांगतात. येमेनमध्ये मानाची मूठ गेंड्याच्या शिंगाची. वर्षानुवर्षे हाताळून तिला पिवळसर, अर्धपारदर्शक झाक येते. येमेनने 1982 मध्ये या शिंगाच्या आयातीवर बंदी घातली, आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. तेव्हा कुणी ‘असली गेंडा’ म्हणून कानात सांगितले तर भाव न विचारता पायऱ्या उतराव्यात. गेंड्याच्या शिंगात तंतू घट्ट दाबलेले असतात, त्यामुळे आडव्या कापावर भिंगातून बारीक ठिपके दिसतात. म्हशीच्या शिंगात थर दिसतात. नकली मुठींच्या रेझिनमध्ये (साच्यात ओतलेल्या प्लास्टिकमध्ये) यातले काही नाही, फार तर एखादा बुडबुडा किंवा साच्याची शिवण.

म्हशीचे शिंग बुडाशी पोकळ आणि टोकाला भरीव. ओमानी मुठीला त्यांनी भरीव टोकच वापरले, काम चोख. येमेनी मूठ कमरेत बारीक आणि दोन्ही टोकांना पसरट, तेवढी रुंदी एका तुकड्यात मिळत नाही, म्हणून दोन फाका जोडाव्या लागतात. इथे फाका डाव्या-उजव्या जोडल्या, त्यामुळे पुढच्या दोन नाण्यांसारख्या चकत्यांच्या मधून सांध्याची रेघ उभी दिसते. पुढची-मागची फाक केली असती तर सांधा कडेला जाऊन चांदीच्या पट्टीखाली झाकला असता. ऑर्डर देतानाच हे सांगा.

चांदीकाम मात्र बघत बसावे असे. तारकामासाठी दोन बारीक तारा पिळून चपट्या केल्या आहेत, आणि डाख इतका बेताने की एकही जाळी बुजलेली नाही. डाख देताना लावलेल्या टाकणखाराचा पांढरा थरही कोपऱ्यांत राहिलेला नाही. शिंगात खिळे ठोकण्याआधी भोके पाडून घेतली होती, नाहीतर शिंग तडकते. चांदी हुपरीहून येते, वजन बिलावर लिहून देतात. 925 चा, म्हणजे 92.5 टक्के चांदी असल्याचा, उल्लेख मागून घ्या. जर्मन सिल्व्हर हा तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू, त्यात चांदीचा अंशही नसतो, दिसायला मात्र फसवे.

आता लाख. या खंजिरांच्या पात्याची मुठीत जाणारी शेपटी आखूड असते, मागे आवळायला बोल्ट नाही. ती लाख, राळ आणि विटेच्या भुकटीच्या मिश्रणात धरलेली असते. नुसती लाख ठिसूळ, भुकटी जास्त झाली तर भुसभुशीत. नीट पद्धत अशी: मूठ हलकी गरम करून जुनी लाख काढायची, शेपटी खरवडून स्पिरिटने तेल पुसायचे, कोमट करून वितळत्या मिश्रणात बसवायची आणि थंड होईपर्यंत पाते उभे धरायचे. दुकानात घाई असली की शेपटी लालबुंद करून खुपसतात. लाख जळून आत पोकळ्या राहतात, मुठीचे तोंड करपते, केस जळाल्याचा वास येतो, आणि पात्याचे पाणी (पोलादाचा कठीणपणा) उतरते. ओमानी मुठीत हेच झाले. पात्याच्या बुडाशी निळसर छटा, आणि हलवले की आत टक्‌ आवाज. तक्रार केल्यावर लाख पुन्हा भरून दिली, पैसे घेतले नाहीत. निळेपण अर्थातच गेले नाही. म्हणून ताबा घेताना हलवून बघा आणि बूड उजेडात धरा.

लाखेऐवजी इपॉक्सी (घट्ट होणारा रासायनिक गोंद) भरू देऊ नका. पुढच्या वेळी मूठ फोडल्याशिवाय निघणार नाही. लाख 70-80 अंशांत मऊ पडते, तेव्हा मे महिन्यात बंद गाडीत खंजीर ठेवू नये. पावसाळ्यात शिंगाला पातळ मेण पुरे. खोबरेल खवट होते आणि त्यावर धूळ बसते. शिंग पोखरणाऱ्या किड्यांसाठी महिन्यातून एकदा कपाट उघडून बघावे, भुशासारखी पूड पडलेली दिसली की मूठ लगेच वेगळी ठेवावी.